माझ्या रक्तात लिथियम कमी होतं का?

पत्र, थोडक्यात:

"माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. मागच्या वर्षी तीन आठवडे तो रोज जेमतेम दोन तास झोपायचा, तरी दमायचा नाही. तोंड बंद व्हायचं नाही. एकाच वेळी चार धंद्यांची आखणी चालली होती, साठवलेले सगळे पैसे त्यात घातले. शेवटी आपल्याला खास कामगिरीवर पाठवलंय असं म्हणायला लागला, तेव्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. बायपोलर टाइप वन, म्हणजे मनःस्थिती बेभान उत्साह आणि नैराश्य अशा टोकांना जाण्याचा आजार, असं निदान झालं, लिथियम सुरू झालं. आता आठ महिने तो अगदी पूर्वीसारखा आहे आणि विचारतो, 'माझ्या रक्तात लिथियम कमी होतं का? कुठल्या तपासणीत काही सापडलं? मग गोळ्या कशाला?' आई म्हणते लाडानं बिघडला. काका म्हणतात मन खंबीर ठेवलं की झालं. भाऊ विज्ञान शिकलेला आहे. पेशींच्या पातळीवर काय बिघडतं हे कुणी नीट सांगितलं तर ऐकेल असं वाटतं. आणि एक माझ्यापुरतं: हे मलाही होईल का?
– थोरली बहीण"

नमस्कार,

तुमच्या भावानं प्रश्न चिडून विचारला असेल, पण प्रश्न बरोबर आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं. नाही, त्याच्या रक्तात लिथियम कमी नव्हतं. लिथियम कमी पडलं म्हणून मॅनिया, म्हणजे त्याला आला तसा बेभान उत्साहाचा झटका, येतो असं नसतंच. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतात ते शरीरात प्लास्टर कमी पडलं म्हणून नव्हे, हाडाला जागेवर धरून ठेवायला. औषध कशाचं आहे यावरून आजार कशाचा आहे ते ठरत नाही.

'मेंदूतलं रसायन कमी-जास्त झालंय' हे वाक्य त्याला कुणीतरी नक्की ऐकवलं असणार. रुग्णांची रांग लागलेली असते, वेळ नसतो, म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी ते वापरतो. ते अगदी खोटं नाही. डोपामाइन अडवणारी औषधं मॅनिया उतरवतात आणि डोपामाइन वाढवणारी उत्तेजकं कधी कधी हुबेहूब मॅनियासारखी अवस्था आणतात. पण त्या वाक्यानं जीवनसत्त्व कमी असल्यासारखं चित्र डोळ्यापुढे उभं राहतं, आणि मग तुमच्या भावासारखा हुशार मुलगा रिपोर्ट मागतो. रिपोर्ट दाखवता येत नाही. साहजिकच त्याचा विश्वास उडतो. संशोधकांचं लक्ष गेली काही दशकं दोन पेशींच्या मधल्या त्या रसायनांवरून पेशीच्या आत गेलं आहे, आणि त्याला पटेल असं जे काही आहे ते तिथेच आहे.

चेतापेशी गप्प बसलेली असते तेव्हाही राबत असते. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तो टिकवायला तिच्या पापुद्र्यात पंप बसवलेले असतात. पंपाच्या एका फेरीत 3 सोडियम आयन बाहेर जातात, 2 पोटॅशियम आत येतात आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण शरीर विश्रांतीत असताना ऊर्जा लागते सुमारे 20 टक्के, आणि त्यातला मोठा वाटा या पंपांचा. कॅल्शियमचा बंदोबस्त तर याहून कडक असतो. शांत पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवलेलं असतं, कारण कॅल्शियम आत येणं हा पेशीसाठी हुकूम असतो: संदेशाचं रसायन सोड, शेजारच्या पेशीशी जोडणी घट्ट कर, अमुक जनुक चालू कर. हुकूम बजावून झाला की ते लगेच आवरावं लागतं, आणि या आवराआवरीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, हीही हातभार लावतात.

म्हणजे चेतापेशी मुळातच चटकन पेटणारी आहे आणि तिला शांत ठेवायला अखंड मेहनत लागते. बायपोलर आजाराची प्रवृत्ती असलेल्यांमध्ये हा आवर घालण्याचा बंदोबस्त थोडा सैल असतो, असं आज हाती असलेल्या पुराव्यांवरून मला वाटतं. पुरावे वेगवेगळ्या दिशांनी आलेले आहेत म्हणून मी त्यांना जास्त किंमत देते. बायपोलर रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट आणि लिम्फोसाइट पेशींत कॅल्शियमचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं असल्याचं पुन्हा पुन्हा आढळलं आहे. जनुकांच्या मोठ्या पाहण्यांत ज्या जनुकांची नावं सर्वांत आधी ठळक झाली त्यातलं एक, सीएसीएनए1सी, पेशीत कॅल्शियम सोडणाऱ्या दारांपैकी एक दार घडवतं. दुसरं एएनके3. त्याचं प्रथिन चेतापेशीच्या लांब तंतूच्या अगदी मुळाशी असतं, म्हणजे जिथे विद्युतस्पंद जन्माला येतो नेमकं तिथे, आणि सोडियमच्या वाटा त्या जागी घट्ट धरून ठेवतं.

पण भावाला सर्वांत जास्त भिडेल तो 2015 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला एक प्रयोग. जिवंत माणसाच्या मेंदूतून चेतापेशी काढून तपासता येत नाहीत, ही आमच्या शाखेची जुनी अडचण. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदरांच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशी पुन्हा मूळपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातली इतर पेशी घडवता येतात त्या पेशींच्या, अवस्थेत नेऊन दाखवल्या, त्यासाठी त्यांना 2012 चं नोबेल मिळालं, आणि ती अडचण बरीचशी सुटली. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रस्टी गेज यांच्या गटानं हीच वाट धरली. बायपोलर टाइप वनच्या रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या त्वचेच्या पेशी घेतल्या, त्यांच्या मूळपेशी केल्या आणि त्यांपासून मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातल्यासारख्या चेतापेशी वाढवल्या.

मग एकेका पेशीला केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी चिकटवायची, तिच्यातून मोजून-मापून वीज सोडायची आणि पेशी किती वेळा स्पंद मारते ते मोजायचं, असा तो सगळा खटाटोप. तेवढ्याच विजेला रुग्णांच्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त वेळा स्पंद मारत होत्या. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं वागणंही वेगळं होतं. लक्षात घ्या, या पेशींनी घरातलं वातावरण पाहिलेलं नाही, कुणी त्यांचे लाड केलेले नाहीत, त्यांना जागरणं नाहीत, नोकरीचा ताण नाही. काचेच्या बशीत वाढलेल्या पेशी त्या, तरीही जास्त तडतडणाऱ्या. आईंना हा एवढा भाग जरूर वाचून दाखवा.

पुढचा भाग भावासाठी. त्या रुग्णांपैकी काहींना प्रत्यक्ष आयुष्यात लिथियमनं चांगला गुण आला होता, काहींना आला नव्हता. बशीतल्या पेशींना लिथियम दिल्यावर गुण आलेल्यांच्या पेशी शांत झाल्या. गुण न आलेल्यांच्या पेशीही तितक्याच तडतडत होत्या, पण त्या लिथियमला बधल्या नाहीत. त्याच गटानं पुढे दुसऱ्या रुग्णांच्या रक्तपेशींपासून चेतापेशी बनवल्या, तिथेही तडतड दिसली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच आलेखाकडे बघत बसले होते.

त्याच्या मर्यादाही सांगते, कारण भाऊ त्या शोधून काढेलच. 2015 च्या त्या प्रयोगात रुग्ण सहाच होते. बशीतल्या पेशीला मनःस्थिती नसते. तडतड करणाऱ्या पेशींपासून 'मला खास कामगिरीवर पाठवलंय' इथपर्यंतचा रस्ता अजून कुणी पूर्ण उलगडलेला नाही. आणि प्रत्येक रुग्णाच्या पेशी वाढवून निदान करायची सोय दवाखान्यात नाही. निदान आजही लक्षणं, त्यांचा काळ आणि घरच्यांनी सांगितलेली हकिगत यांवरच होतं. भावाच्या तपासणीत काही सापडलं नाही ते काही नव्हतं म्हणून नव्हे. बिघाड ज्या जागी आहे तिथपर्यंत रक्ततपासणी आणि स्कॅन पोचत नाहीत. ते सगळं करतात ते थायरॉइडचा विकार, गाठ, अमली पदार्थ अशी दुसरी कारणं बाजूला काढायला.

आता लिथियम आत जाऊन करतं काय? हा सोडियमचा धाकटा भाऊबंद, त्याच वाटांनी पेशीत शिरतो. आत गेल्यावर मात्र तो मॅग्नेशियमची जागा बळकावतो. मॅग्नेशियमच्या आधारानं चालणाऱ्या एन्झाइमांपैकी काही त्यामुळे मंदावतात. त्यांतलं एक, आयएमपीएज, इनॉसिटॉल नावाचा रेणू पुन्हा वापरात आणतं. ते मंदावलं की पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडायला लावणारा निरोप क्षीण होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात हा विचार मांडला, आणि त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की निरोप जिथे फार जोरात चालला असेल तिथे हा परिणाम जास्त जाणवावा, बाकी ठिकाणी कमी. दुसरं जीएसके-3. लिथियम त्याला रोखतं हे 1996 मध्ये दाखवलं गेलं. पेशी जगणं-मरणं, जोडण्या बांधणं, शरीराचं घड्याळ, अशा कितीतरी कामांवर जीएसके-3 चा हात असतो. 2022 मध्ये हजारो लोकांची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली गेली तेव्हा एकेएपी11 या जनुकातले दुर्मीळ बिघाड बायपोलरचा धोका बरेच वाढवतात असं दिसलं, आणि या जनुकाचं प्रथिन ज्यांच्याशी जोडलं जातं त्यांत जीएसके-3 आहे. दोन अगदी निराळ्या वाटा एकाच दाराशी आल्या. नक्की कुठल्या एन्झाइमामुळे माणूस बरा राहतो यावर वाद चालू आहे, पण हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

यात एन्झाइम मंदावणं लगेच होतं, पण त्याच्या पाठोपाठ जनुकांचं काम, प्रथिनं, जोडण्या बदलायला दिवस, आठवडे जातात. म्हणून लिथियमचा गुण यायला वेळ लागतो, आणि म्हणूनच आठ महिने बरं असणं म्हणजे पेशीचा मूळ स्वभाव पालटला असं होत नाही. पेशी शांत आहेत त्या लिथियमच्या सोबतीनं.

हे लिथियमच्या पहिल्या रुग्णाच्या बाबतीतच दिसलं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी 1949 साली 10 मॅनिया रुग्णांवरचा अनुभव छापला. त्यातला पहिला रुग्ण पन्नाशीतला, पाच वर्षं सतत मॅनियात असलेला. मार्च 1948 मध्ये त्याला लिथियम सुरू झालं, काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग बरं वाटतंय म्हणून औषधात हयगय सुरू झाली, पुढे ते पार सुटलं, आणि 1949 च्या जानेवारीत तो पुन्हा दवाखान्यात आला. गोष्ट इथे संपत नाही आणि उरलेली सांगितली नाही तर मी भावाशी अप्रामाणिक ठरेन. 1950 मध्ये तो माणूस लिथियमच्याच विषबाधेनं गेला. रक्तातलं लिथियम नेमानं मोजत राहायची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. आज आहे, आणि तिच्याशिवाय हे औषध कुणी घेऊ नये.

म्हणून पातळीबद्दल. डोस घेतल्यावर 12 तासांनी रक्त द्यायचं. कायमच्या उपचारात बहुतेकांची पातळी लिटरला 0.6 ते 0.8 मिलिमोलच्या आसपास ठेवतात, 1.5 च्या पुढे धोका सुरू होतो, काहींना त्याआधीच त्रास होतो. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमची तपासणी साधारण सहा महिन्यांनी. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक करत नाही. जुलाब-उलट्या, खूप घाम, अचानक मीठ तोडणं, यामुळे शरीराला सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही परत ओढून घेतं आणि पातळी चढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ती चढते, तेव्हा दुसरी कुठलीही गोळी घ्यायच्या आधी 'मी लिथियमवर आहे' हे सांगायचं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता तडक दवाखाना गाठायचा.

झोपेबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण मला ते औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. दिवस-रात्रीचं घड्याळ फक्त मेंदूत एका जागी नसून जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं: काही जनुकं चालू होतात, त्यांची प्रथिनं साचत जाऊन त्याच जनुकांना बंद करतात, आणि एक फेरा सुमारे 24 तासांचा होतो. 'क्लॉक' नावाच्या जनुकात बिघाड केलेले उंदीर कमी झोपतात, जास्त धावपळ करतात, धोका पत्करतात, आणि लिथियम दिल्यावर बरेचसे मूळ पदावर येतात, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. माणसात एखाद-दोन रात्रींच्या जागरणानं मॅनियाला तोंड फुटलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. रात्रपाळी, परीक्षेची जागरणं, टाइम झोन ओलांडणारे प्रवास यांना भावानं जपून राहावं. आणि तो कमी झोपूनही ताजातवाना दिसायला लागला तर त्याला उत्साह समजू नका.

काकांना काय सांगाल? आपल्याला बरं नाही हे ज्या अवयवानं ओळखायचं, तोच अवयव मॅनियात भडकलेला असतो. तेव्हा खंबीरपणाची कमतरता नसतेच, उलट माणसाला स्वतःबद्दल कधी नव्हे इतकी खात्री असते. तुमच्या भावानं पैसे घालवले ते त्या खात्रीपोटी. त्याची लाज त्याला आता वाटत असेल, आणि 'मला काही झालंच नव्हतं' या म्हणण्यात ती लाजही मिसळलेली असू शकते. त्याच्याशी बोलताना ते पैसे मध्ये आणू नका.

गोळ्या बंद करायचा विचार करायचा हक्क त्याला आहे. पण मनानं एकदम सोडू नये. लिथियम अचानक थांबवल्यावर पुढच्या काही महिन्यांत आजार, विशेषतः मॅनिया, उलटण्याची शक्यता खूप वाढते. डॉक्टरांशी बोलून थांबवायचं ठरलंच तर निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवत आणतात. त्याची खरी तक्रार काही वेगळीच असेल तर तीही विचारा: हात कापतात, तहान लागते, वजन वाढलं, की डोकं पूर्वीसारखं झरझर चालत नाही? यांवर डोस, वेळ किंवा औषध बदलून पुष्कळदा काही करता येतं. लिथियम लागूच पडत नाही असेही रुग्ण असतात आणि त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. त्याला मात्र गुण आलेला आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत या औषधाइतका भक्कम पुरावा मूड स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे नाही, हे मी त्याला समोर बसवून सांगितलं असतं.

आता तुमचं. समाजात बायपोलर टाइप वन साधारण 100 पैकी 1 जणाच्या आसपास असतो, आणि सख्ख्या भावंडाला असेल तर धोका 100 पैकी 5 ते 10 पर्यंत जातो. म्हणजे न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. एकट्या जनुकाचा हा आजार क्वचितच असतो; शेकडो जनुकांतले बारीक फरक मिळून तो घडतो, त्यामुळे भविष्य सांगणारी जनुकचाचणी कुणी विकत असेल तर पैसे घालू नका. एक काळजी घ्या. कधी नैराश्य आलं आणि डॉक्टरकडे गेलात तर भावाचा आजार आधी सांगा, कारण बायपोलरची प्रवृत्ती असलेल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती कधी कधी मॅनियाकडे ढकलते.

आणि आता, तो बरा असतानाच, दोघांनी बसून एक कागद करा. कुठली चिन्हं दिसली की आजार परततोय असं समजायचं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं; सलग दोन रात्री झोप निम्म्यावर आली तर डॉक्टरांना कुणी फोन करायचा, तेवढे दिवस बँकेचं कार्ड कुणाकडे राहील, कुठलं औषध पूर्वी लागू पडलं, कुठल्या दवाखान्यात जायला त्याची हरकत नाही, तेही. खाली त्याची सही, तुमची सही, आणि एक प्रत त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे.